पहिला ग्रुप प्रोजेक्ट: कोकणातल्या कॉलेजात नव्याने आलेल्यांसाठी

बारावी होऊन पुढे आलात की ग्रुप प्रोजेक्ट येतोच. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला फील्ड प्रोजेक्ट आहे, पॉलिटेक्निकला मायक्रो प्रोजेक्ट आहेत, शेवटच्या वर्षाला ब्लॅक बुकवाला, म्हणजे बांधीव अहवाल द्यावा लागणारा, मोठा प्रोजेक्ट आहे. विषय कसा निवडायचा, अहवालात काय काय हवं हे गाईड, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, सांगतात. चार-पाच जणांनी मिळून काम कसं करायचं हे मात्र कुठल्याच तासाला शिकवत नाहीत. मग एप्रिल उजाडतो, एक मुलगी रात्र रात्र जागून सगळं टाइप करते, दोघे तिला सॉरी म्हणतात आणि चौथा फोन उचलत नाही.

अशा गटांबरोबर काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. गट मोडतो त्याला पोरांचा आळस क्वचितच कारण असतो. कुठलं काम कोणाचं, हे कोणालाच नीट माहीत नसतं, म्हणून तो मोडतो. प्रत्येक कामावर एकाच माणसाचं नाव आणि एक तारीख पडली, की निम्मी भांडणं उभीच राहत नाहीत. पुढे जे सांगतो आहे ते सगळं याच्याच भोवतीचं आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक प्रोजेक्ट धरून चालू. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या एखाद्या गावात वीस विहिरी निवडायच्या, जानेवारी ते एप्रिल दर महिन्याला त्यांचं पाणी तपासायचं आणि उन्हाळ्याकडे जाताना ते किती मचूळ होत जातं ते पाहायचं. पावसाळा सरल्यावर भूजलाची पातळी उतरत जाते, उपसा वाढतो आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारं पाणी आत सरकतं. विषय गावाच्या गरजेचा आहे, खर्च थोडा आहे आणि एकट्यादुकट्याला झेपणारा नाही.

गट किती जणांचा

निवड तुमच्या हातात असेल तर चार जण घ्या. फार तर पाच. चार जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या सहा होतात, सहा जणांत पंधरा आणि आठ जणांत अठ्ठावीस. माणसं दुप्पट झाली की निरोपांचा गोंधळ चौपटीहून जास्त होतो. म्हणून उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये शेवटच्या महिन्यात नवा माणूस घेऊ नका. त्याला समजावण्यातच उरलेले दिवस जातात.

एकाच गावचे किंवा एकाच खोलीवरचे चौघे, असा गट सोयीचा वाटतो. मी तो टाळायला सांगतो. सगळे एकाच गावचे असले की त्या गावची पालखी निघाली की गटच्या गट गायब होतो. एखादा तरी शहरात राहणारा असावा, म्हणजे बाइंडिंग, झेरॉक्स, गाईडची सही ही कामं अडत नाहीत. एखादी तरी ज्या गावात काम करायचं तिथली असावी, म्हणजे दारं उघडतात. आणि एकाला तरी आकड्यांची भीती नसावी.

गटाचा प्रमुख सगळ्यात हुशार असायला हवा असं नाही. जो विसरत नाही आणि ज्याला विचारायला संकोच वाटत नाही, त्याला प्रमुख करा. त्याचं काम हुकूम सोडण्याचं नाही, फक्त आठवण ठेवण्याचं आहे.

पहिली बैठक

ही बैठक फोनवर उरकू नका. मधल्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये किंवा लायब्ररीत तासभर बसा. संध्याकाळची वेळ ठेवू नका, कारण जयगडला किंवा लांज्याला जाणाऱ्याचं अर्धं लक्ष गाडीकडे असतं आणि वस्तीची एसटी चुकली तर त्याला रात्री घरी पोचायला दुसरं साधन नसतं.

विषयाबद्दल बोलण्याआधी प्रत्येकाने आपल्या अडचणी सांगायच्या. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. कोणाच्या घरी मार्चपासून आंबा काढणी सुरू होते आणि पेट्या भरायला हात लागतात. कोणाचे वडील बोटीवर असतात आणि घरचं सगळं थोरल्या मुलीवर असतं. कोणी संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात कामाला जातो. कोणाच्या घरात रेंजच येत नाही, सड्यावर जाऊन उभं राहावं लागतं. या गोष्टी मार्चमध्ये कळल्या तर त्या सबबी वाटतात. जानेवारीत कळल्या तर ती माहिती असते आणि तिच्याभोवती कामाची आखणी करता येते. ज्याला रेंज नाही त्याला रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर नसल्याबद्दल बोल लावायचा नाही. त्याला असं काम द्या जे कागदावर होतं.

मग कॅलेंडर पुढ्यात घ्या, भिंतीवरचं तिथीवालं. त्यावर आधी शिमगा मांडा. तो प्रत्येक गावात एकाच दिवशी नसतो, पालखी घराघरात फिरण्याचे दिवस वेगवेगळे असतात, म्हणून प्रत्येकाकडून त्याच्या गावच्या तारखा विचारून घ्या. तुमचा प्रोजेक्ट जूनमध्ये सुरू होणाऱ्या सत्रात असेल तर जुलैतली भातलावणी, गणपती आणि ऑक्टोबरातली कापणी मांडा. गणपतीच्या आठवड्यात काम होईल असं कोणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. आधीच्या शुक्रवारी एक टप्पा संपवा आणि विसर्जनानंतरच्या सोमवारी पुढचा सुरू करा. पावसाळ्यात लाईट जाते, झाड पडून रस्ता बंद होतो, म्हणून जूनच्या सत्रात प्रत्येक टप्प्याला आठवडाभर जास्तीचा ठेवा.

पैशाचंही याच बैठकीत बोला. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा), बाटल्या, लेबलं, एसटीचं तिकीट, कलर प्रिंट, बाइंडिंग असा अंदाज काढा आणि एकाकडे हिशेब द्या. गटात कोणाला पैसे काढणं जड जात असेल तर ते त्याला सगळ्यांसमोर सांगावं लागू नये. मीटर आधी विभागाच्या प्रयोगशाळेत मिळतो का ते विचारा, अहवालाच्या प्रती लागतील तेवढ्याच काढा, म्हणजे वर्गणी आपोआप खाली येते.

कामाची वही

एक साधी दोनशे पानी वही घ्या. शेअर केलेली शीटही चालेल, पण वही मला जास्त आवडते, कारण ती बैठकीत मधोमध ठेवता येते आणि सगळ्यांना दिसते. तिच्यात नोंद अशी करायची:

काम: बाजारवाडीतल्या विहिरी १ ते ७, जानेवारीचे नमुने. कोण: सायली. सोबत: ओंकार. कधीपर्यंत: शनिवार १८. झालं म्हणजे काय: सात बाटल्या लेबलसह प्रयोगशाळेत, सात ओळी तक्त्यात.

‘कोण’ पुढे एकच नाव. ‘सायली आणि ओंकार’ असं लिहिलंत की दोघंही दुसऱ्याची वाट पाहतात. सोबतीला कोणी असू शकतं, पण जबाब देणारा एकच. ‘झालं म्हणजे काय’ ही ओळ गाळू नका. ‘विहिरींचं काम झालं’ म्हणजे एकाच्या मते पाणी आणलं आणि दुसऱ्याच्या मते आकडे भरले. या एका फरकावरून गटांत अबोला धरलेला मी पाहिला आहे.

असं का करायचं त्यामागे जुना अभ्यास आहे. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. त्याचे आकडे १९१३ मध्ये छापले गेले. आठ जण मिळून ओढत तेव्हा त्यांचा जोर आठ एकेकट्यांच्या बेरजेच्या जवळपास निम्माच भरत असे. याचं एक कारण म्हणजे सगळ्यांचा हिसका एका क्षणी बसत नाही, आणि दुसरं म्हणजे गर्दीत माणूस नकळत हात सैल सोडतो. १९७९ मध्ये बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगून हेच पुन्हा दाखवलं. त्याच मंडळींनी १९८१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: गटात ओरडतानाही आपला आवाज वेगळा मोजला जातो आहे हे माहीत असलं, की विद्यार्थी हात राखून वागत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली असेल, तर हे वेगळं समजवायला नको. दोन्ही दोरांवर माणसं एका तालात ओढतात, कोण कुठे उभा आहे ते सगळ्यांना दिसतं आणि मासळीचा वाटा हाताला हात लागलेल्या प्रत्येकाला मिळतो. तुमच्या वहीने हीच तीन कामं करायची: ताल, दिसणं आणि वाटा.

गावात, विहिरीवर

जाण्याआधी प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन ग्रामपंचायतीत द्या. एकेकटे फिरू नका, दोघादोघांच्या जोड्या करा आणि अंधार पडायच्या आत परत या. परड्यात शिरण्याआधी हाक मारा. “काकू, आम्ही कॉलेजातनं आलोय, तुमच्या विहिरीचं पाणी तपासायला थोडं घेऊ काय?” एवढं पुरतं. पाणी कधीपासून मचूळ लागतं हा प्रश्न घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. तिथली बोली जिला येते तिने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. दोघांनी एकदम प्रश्न विचारले की समोरचं माणूस गप्प होतं.

आता ती गोष्ट जिथे चांगले गटही फसतात. दोन जोड्या, दोन मीटर, दोन वाड्या. महिनाअखेरीला तक्ता भरला की एका वाडीचं पाणी सरसकट जास्त खारं दिसतं. गाव खरंच तसं आहे की मीटर तसा आहे, हे मग कोणालाच सांगता येत नाही. म्हणून बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी चौघांनी प्रयोगशाळेत एकत्र यायचं. एकाच बादलीतलं पाणी घ्यायचं, दोन्ही मीटर त्यात बुडवायचे, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. फरक असेल तर प्रमाणित द्रावणावर, म्हणजे क्षारांचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या पाण्यावर, दोन्ही मीटर लावून घ्यायचे. नंतर प्रत्येक जोडीने तेच पाणी पाळीपाळीने मोजायचं. कोण मीटर तळाला टेकवतं, कोण दोन सेकंदांत आकडा वाचून मोकळं होतं, हे तिथे दिसतं. काम वाटून घ्यायचं, पण करायची रीत चौघांची एकच हवी, आणि ती एकत्र उभं राहूनच ठरते.

नमुना घेतानाही तसंच. बाटली त्याच विहिरीच्या पाण्याने दोन-तीनदा विसळायची, मग भरायची. लेबल बाटली भरण्याआधी कोरड्या हाताने लावायचं, नंतर ते ओल्या काचेवर चिकटत नाही. त्यावर विहीर क्रमांक, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव. घरी गेल्यावर आठवून लिहीन, असं करायचं नाही.

वेळ का लिहायची? खाडीलगतच्या विहिरीत भरती-ओहोटीचा परिणाम असू शकतो. सायलीने भरतीला पाणी घेतलं आणि ओंकारने ओहोटीला, तर दोघांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. भरतीचा अंदाज काढायची आपल्याकडची रीत घरच्यांना माहीत असेल: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहाच्या सुमाराला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. हा अंदाज आहे, अहवालात टाकायला भरतीचं छापील वेळापत्रक पाहा, पण दोन्ही जोड्यांनी कुठल्या दिवशी किती वाजता जायचं ते ठरवायला पाऊणपट पुरते. दर महिन्याला त्याच तिथीला आणि त्याच सुमाराला जा.

आकड्यांना अर्थ यायला मोजपट्टी लागते. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १००० आहेत. हे चौघांनाही पाठ हवेत, फक्त ‘रसायनवाल्या’ मुलीला नाहीत.

आठवड्याचं चालवणं

आठवड्यातून एकदा वीस मिनिटं, ठरलेल्या वारी, कॉलेजातच. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काय झालं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात काय. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निरोपापुरता ठेवा. तिथे ठरलेली गोष्ट वहीत उतरली नाही तर ती ठरलीच नाही असं समजा, कारण वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली ती चार तासांत गाडली जाते.

कोणी काम करत नसेल तर

ग्रुपवर टोमणा मारू नका. सगळ्यांसमोर नाव घेतलंत की तो माणूस कायमचा लांब जातो. त्याच्याशी ज्याचं बरं जमतं अशा एकाने त्याला बाजूला घ्यावं आणि “का नाही केलंस?” असं न विचारता “काय अडलंय रे?” असं विचारावं. पुष्कळदा उत्तर साधं असतं: त्याला ते काम येत नाही आणि तसं म्हणायला लाज वाटते. एक्सेलमध्ये आलेख काढता येत नाही, इंग्रजी वाचायला जड जातं, लॅपटॉपच नाही. मग काम बदला, किंवा शेजारी बसून एकदा करून दाखवा.

तरीही हललं नाही तर दोन दिवसांत संपेल असं छोटं काम द्या आणि वहीत लिहा. तेही झालं नाही तर वही घेऊन गाईडकडे जा, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच जा. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी आलेल्या तक्रारीवर गाईड काहीच करू शकत नाहीत, आणि तोपर्यंत तुमच्या मनात इतकं साचलेलं असतं की बोलणं भांडणाकडेच जातं. जाताना त्याला सांगून जा. पाठीमागे तक्रार करू नका.

याच्या उलट टोकालाही एक जण असतो, आणि माझ्या मते गटाचं जास्त नुकसान त्याच्यामुळे होतं. सगळं आपल्या अंगावर घेणारी, दुसऱ्याने लिहिलेलं पान रात्री गुपचूप पुन्हा लिहून काढणारी मुलगी. तिचा हेतू चांगला असतो. पण आपलं पान न विचारता पुसलं गेलं हे एकदा कळलं की दुसरी मुलं हात आखडतात, मग तिच्यावर आणखी भार येतो, मग ती रडते. ती तुमच्या गटात असेल तर तिला प्रेमाने आणि स्पष्ट सांगा: चुका दाखव, दुरुस्ती ज्याचं पान त्यालाच करू दे. आणि ती तुम्हीच असाल, तर दुसऱ्याचं थोडं कच्चं पान सहन करायला शिकणं हे तुमचं या सत्रातलं काम आहे.

लिहायला बसताना

प्रकरणं वाटून घेऊन शेवटच्या रात्री जोडायची, ही पद्धत सोडून द्या. असं केलं की एका प्रकरणात विहिरी वीस असतात आणि दुसऱ्यात अठरा. दर महिन्याचे आकडे आले की त्या महिन्याचं लिखाण त्याच आठवड्यात करा. मार्चअखेरीस अर्धा अहवाल तयार असला पाहिजे.

मराठीत लिहीत असाल तर पहिल्याच दिवशी ठरवा की सगळे युनिकोडमध्येच टाइप करतील. एकाने घरी युनिकोडमध्ये लिहिलं आणि दुसऱ्याने डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये करून आणलं, तर जोडताना अर्धी पानं अक्षरांचा चिवडा होऊन बसतात आणि ती परत टाइप करावी लागतात. एकाच सामायिक गूगल डॉकमध्ये लिहा. कोणी कधी काय बदललं ते तिथे दिसतं आणि जुनी प्रत परत आणता येते. शेवटी एकाच माणसाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून भाषा एकसारखी करायची, आणि दुसऱ्या एकाने फक्त आकडे तक्त्यांशी ताडून पाहायचे. एआयकडून परिच्छेद लिहून घ्यायचे की नाही याबद्दल कॉलेजचा नियम आधी विचारा. नियम काहीही असो, आकडे आणि निष्कर्ष तुमच्या वहीतलेच हवेत.

बाइंडिंगच्या दुकानात शेवटच्या आठवड्यात रांग लागते. तुमची तारीख त्याच्या आधीची ठेवा.

तोंडी परीक्षा

बाहेरून आलेले परीक्षक कोणालाही काहीही विचारतात. तेरा नंबरच्या विहिरीचा एप्रिलचा आकडा का उसळला, हे जिने ती विहीर पाहिलीच नाही तिलाही सांगता आलं पाहिजे. परीक्षेच्या आठवडाभर आधी कामं अदलून बदलून बोलायचा सराव करा. सायलीने ओंकारचा भाग समजावायचा, ओंकारने सायलीचा. कोणी अडखळला तर बाकीच्यांनी लगेच तोंड घालायचं नाही, परीक्षेतही नाही. कोणी काय केलं असं विचारलं तर वही पुढे ठेवा.

मार्क लागल्यावर दोन कामं उरतात. विहिरींच्या आकड्यांचा एक पानी तक्ता साध्या मराठीत करून ग्रामपंचायतीत आणि ज्यांनी पाणी दिलं त्या घरांत नेऊन द्या. कुठलं पाणी प्यायला नको हे त्या काकूंना तुमच्याकडूनच कळायला हवं. आणि कामाची वही, विहिरींचा नकाशा आणि मीटर तपासल्याच्या नोंदी विभागात जमा करा, म्हणजे पुढच्या जानेवारीत येणाऱ्या गटाला त्याच विहिरी त्याच तिथींना पुन्हा मोजता येतील.